पहिलं जहाज: कॅडेटने अभ्यास कधी करायचा आणि कधी नाही

प्रश्न डोंबिवलीच्या एका मुलीचा आहे. डीएनएसचं (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स) एक वर्ष पूर्ण झालं, कंपनीकडून जॉइनिंगचा निरोप आला, जहाज बल्क कॅरिअर (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणारं), पुढे कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून १८ महिन्यांचा सी-टाइम. तिने विचारलंय: जहाजावर अभ्यासाला वेळ मिळतो का? दिवस कसा जातो? बोट लागली तर काय? वीस-बावीस माणसांत एकटीच मुलगी असेन, त्याचं काय? आणि बॅगेत काय भरू?

अभ्यासाचं आधी सांगतो. उत्तर तुला फारसं आवडणार नाही. पहिला महिना पुस्तक उघडू नकोस.

मी बरीच वर्षं कॅप्टन म्हणून काढली, आता मुंबईत सेकंड मेटच्या, म्हणजे जहाजावरच्या अधिकारीपदाच्या, परीक्षेला बसणाऱ्या मुलांना शिकवतो. हुशार कॅडेट पहिल्या महिन्यात कशाने कोलमडतात ते मी पुष्कळ पाहिलंय. ते घरूनच वेळापत्रक लिहून आणतात. रोज रात्री दोन तास नेव्हिगेशन, एक तास स्टॅबिलिटी. रात्री बारापर्यंत वाचायचं, साडेतीनला वॉचसाठी, म्हणजे ब्रिजवरच्या पाळीसाठी, उठायचं. चौथ्या दिवशी ती मुलं उभ्या उभ्या पेंगायला लागतात. डोंबिवली फास्टमध्ये पेंगलीस तर फार तर ठाणं चुकेल. हॅच कव्हर (मालाच्या कोठाराचं झाकण) सरकत असताना किंवा मूरिंगचा, म्हणजे जहाज धक्क्याला बांधायचा, दोर ताणलेला असताना पेंगणं वेगळं.

पूर्वी ही सवय मुंबईच्या बंदरातच लावून मिळायची. १९२७ पासून 'डफरिन' हे ट्रेनिंग शिप माझगावसमोर पाण्यात उभं असायचं आणि मुलं त्यावरच राहायची. १९७२ मध्ये तिची जागा 'राजेंद्र'ने घेतली. १९९३ पासून 'चाणक्य' आहे, पण ते नेरूळजवळ करावे इथे जमिनीवर. तुझं कॉलेजही जमिनीवरच होतं. आजचे वर्ग, सिम्युलेटर त्या काळापेक्षा कितीतरी चांगले आहेत, याबद्दल मला अजिबात शंका नाही. पण हलत्या पोलादात झोपणं, जेवणं, उठणं ही गोष्ट तुझ्या बाबतीत थेट नोकरीच्या पहिल्या दिवशी सुरू होणार. म्हणून त्या महिन्याचा अभ्यासक्रम म्हणजे जहाज आणि झोप, बास.

जहाज शिकायचं म्हणजे काय? केबिनमधून मस्टर स्टेशनपर्यंत (संकटात सगळ्यांनी जमायची जागा) दिवे गेलेले असताना हाताने चाचपत जाता आलं पाहिजे. तो रस्ता धुराने भरला तर दुसरा कुठला, हेही. लाइफजॅकेट, इमर्शन सूट (थंड पाण्यात तगवणारा), धुरातून बाहेर पडायचा श्वसनसंच म्हणजे ईईबीडी कुठे ठेवलाय ते पाहा. सूट एकदा खरंच अंगात घालून बघ, कारण ते मोठ्या मापाचे असतात आणि बारीक चणीच्या माणसाला त्यात चालणंही जमत नाही. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजला की मस्टर लिस्टवर तुझ्या नावापुढे काय लिहिलंय ते पाठ हवं. पहिल्या दिवशी फॅमिलिअरायझेशनचा फॉर्म पुढे येईल, सगळे घाईत असतील, कुणीतरी म्हणेल 'सही कर, नंतर दाखवतो'. आधी बघायचं, मग सही. त्यात उद्धटपणा नाही. शांतपणे सांगितलंस तर कुठलाही चांगला चीफ मेट (म्हणजेच चीफ ऑफिसर, कॅप्टनच्या खालोखालचा) मनातून खूशच होतो.

झोपेचं गणित कायद्यात लिहिलेलं आहे आणि ते कॅडेटलाही लागू होतं. कुठल्याही २४ तासांत किमान १० तास विश्रांती, सात दिवसांत किमान ७७ तास. ते १० तास जास्तीत जास्त दोन तुकड्यांत मोडता येतात आणि त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा हवा. बंदरात धावपळ असली की हे बिघडतं, आणि मग तक्ता भरताना कागदावरचे तास 'सरळ' करायचा मोह होतो. तुझ्या नावाचा तक्ता जसा आहे तसाच भर. चीफ मेटशी बोलून दुसऱ्या दिवशी भरपाई मागता येते. खोटा तक्ता भरलास तर मागायला काही उरतच नाही.

आता दिवस. कॅडेटला बहुतेक वेळा चीफ ऑफिसरबरोबर चार ते आठचा वॉच देतात, पहाटे आणि संध्याकाळी. बाकीच्या वेळी डेकवर बोसनच्या, म्हणजे खलाशांच्या मुकादमाच्या, हाताखाली काही तास काम. काही जहाजांवर वॉच नसतोच, सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं डेकचं काम. डेकवर गंज ठोकणं, वायर ब्रश मारणं, प्रायमर लावणं, टाक्यांचं साउंडिंग घेणं (आत पाणी किती ते मोजणं), पायलट लॅडर (जहाजाच्या बाजूची दोरशिडी) बांधणं, होल्ड म्हणजे मालाची कोठारं धुणं. होल्ड धुण्याचं विशेष सांगतो, कारण तू बल्क कॅरिअरवर चालली आहेस. आधीचा माल कोळसा आणि पुढचा गहू असेल तर कोळशाचा कण शिल्लक राहिलेला चालत नाही. बंदरात सर्व्हेअर येऊन हात फिरवून बघतो आणि नापास केलं तर जहाज ताटकळतं. ते आठवडे अंगाचा पिट्टा पाडतात. त्या काळात अभ्यास झाला नाही म्हणून स्वतःला बोल लावू नकोस.

चार ते आठचा वॉच मिळाला तर मात्र तुझं नशीब. पहाटेचा आणि संध्याकाळचा असे दोन्ही संधिप्रकाश त्यात येतात. सेक्स्टंटने ताऱ्याची उंची मोजून जहाजाची जागा काढतात, आणि त्यासाठी तारा आणि क्षितिज दोन्ही दिसावे लागतात. रात्री तारे असतात पण क्षितिज नसतं, दिवसा उलटं. दोन्ही एकत्र दिसण्याचा अवधी विषुववृत्ताजवळ जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. म्हणून कुठला तारा कुठल्या दिशेला, किती उंचीवर सापडेल ते आधीच काढून ठेवावं लागतं. जीपीएस असताना ही उठाठेव कशाला, असं तुला सगळे विचारतील. परीक्षेत विचारतात हे एक कारण झालंच. पण गेल्या काही वर्षांत तांबड्या समुद्रात आणि आखातात जीपीएसमध्ये मुद्दाम बिघाड घडवल्याचे प्रकार वारंवार झालेत. स्क्रीनवर जहाज विमानतळाच्या मध्यभागी उभं दिसतं. अशा वेळी बेअरिंग (खुणेची दिशा), रडार आणि आकाश वाचता येणारा माणूस ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, लागतो.

महिना झाला, तुला जहाज कळलं, झोप बसली. आता अभ्यास. तोही पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरू करायचा नाही. त्या दिवशी जे काम केलंस, त्याचा धडा त्याच रात्री काढायचा. अर्धा तास पुरतो.

ड्राफ्ट सर्व्हेचं उदाहरण घे. माल भरण्याआधी आणि भरल्यावर जहाज किती बुडलंय ते पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंना असं सहा ठिकाणी वाचतात. चीफ मेट तुला टॉर्च आणि वही घेऊन बरोबर नेईल, किंवा सरळ सांगेल 'जा, वाचून ये'. आकडे पाण्याजवळ रंगवलेले असतात आणि लाट वरखाली होत असते, त्यामुळे दोन-तीन मिनिटं थांबून सरासरी घ्यावी लागते. मग बादलीत गोदीतलं पाणी काढून हायड्रोमीटरने घनता बघायची. समुद्राचं पाणी साधारण १.०२५, नदीच्या मुखाशी त्याहून कमी, आणि घनता कमी म्हणजे जहाज जास्त बुडणार. मग हायड्रोस्टॅटिक टेबलमधून (किती बुडालं म्हणजे किती वजन, हा तक्ता) वजन काढायचं, त्यातून बॅलास्ट (तोल राखायला टाक्यांत भरलेलं पाणी), इंधन, गोडं पाणी वजा करायचं. हे सगळं तू वर्गात केलेलं आहेस. पण तिथे टीपीसी (जहाज एक सेंटिमीटर बुडायला किती टन लागतात ते) हा सूत्रातला एक आकडा होता. सुप्रामॅक्स, म्हणजे मध्यम आकाराच्या बल्क कॅरिअर, जहाजाचा टीपीसी साधारण ५५ ते ६० टन असतो, म्हणजे तू आकडा वाचताना एक सेंटिमीटर इकडेतिकडे केलास की तीन ट्रक माल कागदावरून गायब. त्या रात्री स्टॅबिलिटीचा तो धडा उघडलास तर तो परत कधी पाठ करावा लागत नाही.

साउंडिंगचंही असंच. टाकीत टेप सोडून पाणी किती ते मोजणं हे काम कंटाळवाणं आहे, ते कॅडेटच्याच माथी मारतात. पण रोज तेच आकडे लिहिणाऱ्याला एके दिवशी कोरड्या टाकीत पाणी आलेलं सगळ्यात आधी कळतं. टाक्यांचा नकाशा घेऊन बस, कुठला पाइप कुठे जातो ते पेन्सिलीने काढ आणि दुसऱ्या दिवशी डेकवर जाऊन ते व्हॉल्व्ह शोध. मी शिकवायला लागल्यापासून बघतोय, तोंडी परीक्षेत 'तुझ्या जहाजाची बॅलास्ट लाइन काढून दाखव' म्हटलं की ज्यांनी हे केलंय ते न अडखळता काढतात. बाकीचे पुस्तकातली लाइन काढतात, आणि समोर परीक्षक म्हणून बसलेल्या सर्व्हेअरला ते दोन मिनिटांत कळतं.

विचारायचं कधी, हेही शिकायला लागतं. पायलट (बंदरातली वाट दाखवणारा) जहाजावर असताना, ट्रॅफिकमध्ये, किंवा चीफ मेट लोडिंगचे आकडे जुळवत असताना नाही. पहाटेच्या वॉचमध्ये तारे घेऊन झाले, समुद्र मोकळा आहे, चहा आलाय, तेव्हा. एका वेळी एकच प्रश्न, आणि तोही 'मी हे असं समजले, बरोबर का?' असा. 'सर, स्टॅबिलिटी शिकवा ना' म्हटलंस तर कुणीही टाळेल. बोसनला विसरू नकोस. दोर, वायर, शॅकल, रंग आणि माणसं यातलं त्याला जे कळतं ते कुठल्याच पुस्तकात नाही. रत्नागिरीकडचा सारंग (म्हणजे बोसनच) मिळाला तर गावाकडच्या गप्पांत तो तुला स्प्लाइस करायला, म्हणजे दोर विणून जोडायला, शिकवून मोकळा होईल.

टक्कर टाळण्याचे १९७२ चे नियम मात्र शब्दशः पाठ करावेच लागतात, त्याला पळवाट नाही. पण पाठ झालेला नियम रात्री समुद्रावर लावून बघ. आपला पश्चिम किनारा त्यासाठी उत्तम शाळा आहे. मुंबईतून रात्री निघालीस तर कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज आणि खांदेरीचा कान्होजी आंग्रे अशा दोन दीपगृहांची बेअरिंग घेऊन जागा ठरव. पहिलं १८७५ चं, दुसरं १८६७ चं, आजही कामाला येतात. पुढे गेलीस की मच्छीमार बोटींचा पसारा लागेल. नियमाप्रमाणे ट्रॉलिंग करणाऱ्याने पांढऱ्यावर हिरवा दिवा लावायचा, इतर मासेमारी करणाऱ्याने पांढऱ्यावर लाल. प्रत्यक्षात कुणी लुकलुकणारे रंगीत एलईडी लावलेले असतात, कुणी काहीच नाही, आणि तू फार जवळ आलीस की कुणीतरी टॉर्च हलवतो. त्याचं जाळं ही त्याची वर्षाची कमाई असते, हे लक्षात ठेवून लांबून वळसा घ्यायचा. वॉचवरच्या ऑफिसरला विचार की त्याने वळण कधी ठरवलं आणि का.

एक गोष्ट अशी आहे की जी पहिल्या दिवसापासून पाठ हवी, महिन्यानंतर नाही. बंद जागा. बॅलास्टची टाकी, कोळशाचा होल्ड, होल्डमध्ये उतरायचा बंदिस्त शिडीचा मार्ग. गंज हवेतला ऑक्सिजन खातो, कोळसाही खातो, भंगार आणि लाकडाच्या गोळ्याही खातात. बाहेर २०.९ टक्के असलेला ऑक्सिजन आत इतका खाली गेलेला असतो की दोन श्वासांत माणूस कोसळतो. वास येत नाही, घुसमट जाणवत नाही. परमिट, मीटरने तपासणी, खेळती हवा, तोंडाशी उभा माणूस, रेडिओ. यातलं एक जरी नसलं तरी उतरायचं नाही, सांगणारा कुणीही असो. आणि आत कुणी पडलेला दिसला तर त्याला काढायला उडी मारायची नाही, अलार्म द्यायचा. जगभर अशा अपघातांत पहिल्याच्या मागे धावलेला दुसरा आणि तिसरा मेल्याची उदाहरणं पुन्हा पुन्हा घडतात. कॅडेट त्यात असतात, कारण कॅडेट चपळ असतो आणि त्याला नाही म्हणवत नाही. तुला म्हणता आलं पाहिजे.

बोट लागते. बहुतेकांना लागते आणि तीन-चार दिवसांत सुटते. जून ते सप्टेंबरमध्ये अरबी समुद्रात निघालीस तर जरा जास्त. पोट रिकामं ठेवू नकोस, कोरडी बिस्किटं खात राहा, बाहेर उघड्यावर क्षितिजाकडे बघत काम कर. ॲव्होमिन घेतलीस तर झोप येते, म्हणून ती घेऊन उंचीवर चढायचं नाही आणि औषधांचं बघणाऱ्या ऑफिसरला सांगून ठेवायचं.

जेवण खलाशी कुठले त्यावर. भारतीय क्रू असेल तर डाळभात मिळेल आणि रविवारी बिर्याणी ही जवळजवळ घटनेत लिहिल्यासारखी ठरलेली. मिश्र क्रू असेल तर जिभेला दोन आठवडे द्यावे लागतील. घरून मेतकूट, लोणचं आण, मेसमध्ये सगळ्यांसमोर उघड. ओळखी होतात. ऑस्ट्रेलियासारख्या देशात मात्र खाण्याचं काहीही जहाजाखाली न्यायचं नाही, तिथले नियम कडक आहेत.

इंटरनेट आता पुष्कळ जहाजांवर चांगलं असतं आणि मला ते संमिश्र वरदान वाटतं. घरी बोलता येतं हे उत्तमच. पण झोपेचे दोन तास कुठे गेले याचं उत्तर हल्ली बहुतेक वेळा फोनमध्ये सापडतं, आणि संध्याकाळी मेसरूममध्ये बसून जुन्या माणसांच्या गप्पा ऐकणं बंद झालंय, ज्यात अर्धं शिक्षण होतं. घरच्यांना आधीच सांग की रोज फोन येणार नाही. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे करत जातात, वेळा बदलत राहतात, एक दिवस फोन आला नाही म्हणून आईने डोंबिवलीतून कंपनीच्या ऑफिसला फोन लावू नये. आणि जहाज कुठे आहे, कुठे चाललंय ते कुठेही पोस्ट करायचं नाही.

मुलगी म्हणून वेगळं काय? काम तेच. होल्ड तोच, पेंटही तोच. केबिन स्वतंत्र असते, दाराला आतून कडी असते, ती लावायची. कामाचं बोलणं ऑफिसमध्ये, ब्रिजवर किंवा डेकवर होतं. कुणी केबिनमध्ये बोलावलं तर 'ऑफिसमध्ये येते सर' हे पुरेसं उत्तर आहे. काही खटकलं तर तारीख, वेळ, शब्द त्याच दिवशी लिहून ठेव. तक्रारीची पद्धत प्रत्येक जहाजावर लेखी असते, आणि किनाऱ्यावरच्या डीपीएचा (जहाजाच्या सुरक्षिततेसाठी कंपनीने नेमलेला माणूस) नंबर भिंतीवर लावलेला असतो. कॅप्टनला वगळून त्याला थेट फोन करायचा तुला हक्क आहे. तो नंबर पहिल्याच दिवशी फोनमध्ये घे. बहुसंख्य जहाजांवर तुला याची गरज पडणार नाही, पण नंबर शोधायची वेळ संकटात येऊ नये. राधिका मेनन कॅप्टन होत्या तेव्हा २०१५ मध्ये त्यांनी बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून सात मच्छीमारांना वाचवलं आणि पुढच्या वर्षी त्यांना आयएमओचं शौर्यपदक मिळालं. त्यांनी सुरुवात रेडिओ ऑफिसर म्हणून केली होती. वाट पडलेली आहे, तू पहिली नाहीस.

ट्रेनिंग रेकॉर्ड बुक दर महिन्याला भरून घे, चीफ ऑफिसर आणि कॅप्टन दोघांच्या सह्या घे. साइन ऑफच्या, म्हणजे जहाज सोडायच्या, आदल्या रात्री सहा महिन्यांच्या सह्या मागणारा कॅडेट सगळ्यांच्याच डोक्यात जातो, आणि अशा सह्यांना किंमतही तेवढीच. सीडीसीवरच्या (खलाशाचं नोंदपुस्तक) तारखा आणि सी-सर्व्हिसच्या दाखल्यावरच्या तारखा जुळतायत ना, ते जहाज सोडण्याआधी बघ. नंतर मुंबईच्या एमएमडीत (मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट, परीक्षा घेणारं सरकारी खातं) एका दिवसाच्या फरकासाठी हेलपाटे घालावे लागतात.

हे वाचणाऱ्या इतर मुलांसाठी एक: ज्यांना अजून कंपनी मिळालेली नाही त्यांनी जहाज मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नये. भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचं (जहाजवाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स असावं लागतं, ते डीजी शिपिंगच्या साइटवर तपासता येतं, आणि नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे.

बॅग. सेफ्टी शूज आणि बॉयलर सूटचं माप कंपनीला आत्ताच लेखी कळव, कारण जहाजावरचा साठा बहुधा मोठ्या मापांचा असतो आणि सैल बुटाने शिडीवरून पाय घसरतो. सॅनिटरी पॅड्स पूर्ण करारापुरते ने, जहाजाच्या दुकानात मिळायची खात्री नाही. चष्मा असेल तर दोन जोड. एक उबदार जॅकेट, मुंबईच्या हिवाळ्याचं नव्हे. पुस्तकं दोनच, बाकी लॅपटॉपवर. जाड कव्हरची वही आणि पेन्सिली, कारण शाई पावसात पसरते. सेक्स्टंट विकत घेऊ नकोस, जहाजावर असतो. जहाज बंदराबाहेर नांगरावर असताना जॉइनिंग असेल तर लाँचमधून (छोट्या बोटीतून) पायलट लॅडरने चढावं लागेल. तेव्हा हात रिकामे हवेत, बॅग दोराने वर येईल, आणि पकड बाजूच्या दोरांवर, पायऱ्यांवर नाही. पासपोर्ट, सीडीसी, एसटीसीडब्ल्यूचे (खलाशांच्या प्रशिक्षणाचे) दाखले, मेडिकल आणि पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस, अंगावरच्या सॅकमध्ये ठेव. सामान सिंगापूरला अडकलं तरी जहाजावर चढता येतं. कागद अडकले तर एजंट तुला विमानतळावरूनच परत पाठवतो.